टू-स्ट्रोक यंत्रांसाठी पेट्रोल-ऑइल मिश्रण : प्रमाण, ऑइलची जात आणि साठवण

चक्रधर

ब्रश कटर, चेनसॉ, हेज ट्रिमर, पाठीवरचा ब्लोअर, फवारणी पंप. यांतलं एखादं यंत्र घरात आलं की पहिला प्रश्न हाच असतो, लिटरला ऑइल किती घालायचं? कुणी वीस मिली सांगतं, कुणी चाळीस, कुणी नुसतं "झाकणभर" म्हणून मोकळं होतं. बाटल्यांची झाकणं काही एका मापाची नसतात, त्यामुळे त्या तिसऱ्या उत्तराला काहीच अर्थ उरत नाही. छोटी इंजिनं उघडणं आणि जोडणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून हा विषय एका जागी नीट मांडावा असं बरेच दिवस मनात होतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. प्रमाणावरून जेवढा वाद होतो, तेवढी इंजिनं प्रमाणापायी जात नाहीत. ४०:१ ऐवजी ५०:१ घातलं म्हणून सीज झालेलं (आतून घासून जाम झालेलं) चांगल्या स्थितीतलं इंजिन क्वचितच टेबलावर येतं. येतात ती घाईत साधं पेट्रोल भरलेली, महिनोन् महिने पडून राहिलेलं मिश्रण प्यायलेली, आणि हाताला लागेल ते ऑइल ओतलेली. तेव्हा वाद घालायचाच तर या तीन गोष्टींवर घालू या.

मुळात पेट्रोलमध्ये ऑइल लागतंच का? फोर-स्ट्रोक इंजिनात खाली ऑइलची टाकी असते आणि तिथलं ऑइल सगळीकडे फिरून परत खाली येतं. टू-स्ट्रोकमध्ये ती जागाच इंधनाच्या वाटेत येते. पिस्टन वर जाताना हवा-पेट्रोलचं मिश्रण क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या बंद पेटीत, ओढलं जातं, पिस्टन खाली आला की तेच दाबलं जाऊन बाजूच्या पोर्टमधून वर सिलिंडरमध्ये चढतं. सगळं इंधन क्रँकशाफ्टला धुऊनच पुढे जातं. तिथे ऑइल साठवून ठेवता येत नाही, म्हणून ते इंधनासोबतच पाठवावं लागतं. पेट्रोल उडून जातं, ऑइल मागे राहतं आणि क्रँकच्या बेअरिंगवर, कनेक्टिंग रॉडच्या नीडल बेअरिंगवर, पिस्टन आणि रिंगांवर पातळ थर धरतं. शेवटी तेही वर जाऊन जळतं किंवा धुरातून बाहेर पडतं. म्हणजे हा थर सतत नव्याने मिळत राहायला हवा. ही यंत्रं पूर्ण रेसवर मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेतात आणि प्रत्येक फेऱ्याला सिलिंडरमध्ये एकदा ठिणगी पडते. थर तुटला तर इंजिन फार वेळ देत नाही.

आता गणित. ५०:१ म्हणजे पेट्रोलचे ५० भाग आणि ऑइलचा १ भाग. लिटरचे १००० मिली भागिले ५०, म्हणजे २० मिली. याच रीतीने ४०:१ ला २५ मिली, ३३:१ ला ३० मिली, २५:१ ला ४० मिली. ५ लिटरचा कॅन ५०:१ ने भरायचा तर १०० मिली. काही पुस्तिकांमध्ये टक्के दिलेले असतात, २ टक्के म्हणजे ५०:१ आणि ४ टक्के म्हणजे २५:१. एवढं लक्षात ठेवलं की कुठलाही तक्ता लागत नाही.

यातलं कुठलं प्रमाण आपलं, हे यंत्राची पुस्तिका ठरवते. पुष्कळदा टाकीच्या झाकणाजवळही लिहिलेलं असतं. ऑइलच्या बाटलीवर जे छापलंय ते त्या ऑइलबद्दल आहे, आपल्या इंजिनाबद्दल नाही. आणि पुस्तिका वाचताना प्रमाणापाशी थांबू नका, त्याच्या पुढचं वाक्यही वाचा. स्टिल या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकांमध्ये त्यांच्या स्वतःच्या ऑइलला ५०:१ आणि इतर कंपन्यांच्या टीसी दर्जाच्या (हा ऑइलच्या प्रतीचा एक दर्जा) ऑइलला २५:१ असं लिहिलेलं आढळतं. हुस्क्वार्ना या दुसऱ्या कंपनीच्या पुस्तिकांत स्वतःच्या ऑइलला ५०:१ आणि हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीच्या दुसऱ्या ऑइलला ३३:१ असं असतं. म्हणजे एकाच यंत्राला दोन प्रमाणं, आणि दोन्ही बरोबर. कोणतं लागू, ते हातात कोणतं ऑइल आहे त्यावर ठरतं. निम्मे वाद इथूनच सुरू होतात, कारण एकाने पहिलं वाक्य वाचलेलं असतं आणि दुसऱ्याने दुसरं.

ऑइलच्या जातीबद्दल खाली वेगळं लिहितो. तोवर प्रश्न असतील तर विचारा.

---

हिरवळ

अगदी वेळेवर आलेला धागा. नवीन ब्रश कटर घेतलाय, पुस्तिकेत ५०:१ लिहिलंय. पण टाकी लिटरभराचीही नाही आणि माझं काम अर्धा लिटरमध्ये भागतं. इतकं थोडं ऑइल मोजायचं कसं? यंत्रासोबत दोन खाचांची एक बाटली आली आहे, पण तिच्यावरच्या रेघा पुसट आहेत आणि मला त्यांचा भरवसा वाटत नाही.

---

चक्रधर

हिरवळताई, अर्ध्या लिटरला १० मिली. औषधाच्या दुकानात मिळणारी १० मिलीची सुई नसलेली सिरिंज घ्या, तिच्याइतकं नेमकं माप दुसरं नाही. दट्ट्या ओढून ऑइल घ्यायचं, नळी वर करून हवा काढायची, मग रेघ बघायची. ऑइल घट्ट असल्यामुळे आत थोडं चिकटून राहतं, म्हणून थोडं पेट्रोल ओढून ती सिरिंज त्याच कॅनमध्ये पुन्हा रिकामी करा. रबरी दट्ट्या पेट्रोलने फुगतो, त्यामुळे सिरिंज अधूनमधून बदलावी लागेल. आणि ती फक्त याच कामाला ठेवा.

सोबत आलेली ती बाटली एकदा पारखून घ्या. मापाच्या भांड्याने तिच्यात पाणी ओतून बघा, रेघ कुठे येते ते कळेल. बरोबर असेल तर कायमच्या मार्करने रेघ ठळक करा आणि बाटली पूर्ण वाळवूनच वापरा. पण मिश्रण साठवायला ती ठेवू नका, ती मोजण्यापुरतीच आहे.

मिसळायची रीत अशी. आधी ठरलेल्या पेट्रोलपैकी निम्मं कॅनमध्ये घ्या, त्यात सगळं ऑइल ओता, झाकण लावून चांगलं हलवा, मग उरलेलं पेट्रोल घालून पुन्हा हलवा. ऑइल आधी तळाशी ओतलं की कोपऱ्यात चिकटून बसतं. कॅन गच्च भरू नका, वर जागा ठेवा, उन्हात पेट्रोल फुगतं. मिश्रण यंत्राच्या टाकीत कधीच तयार करायचं नाही. टाकीत पेट्रोल आणि वरून ऑइल ओतलं तर ते नीट मिसळायच्या आत कच्चं ऑइल पाइपमधून कार्बोरेटरकडे जातं.

---

लोहार

धागा चांगला आहे पण एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. आमच्याकडे सगळ्याच यंत्रांना २५:१ चालतं. धूर होतो, प्लग जरा लवकर काळा पडतो, एवढंच. ऑइल जास्त झाल्याने इंजिन मेलेलं मी तरी पाहिलेलं नाही. कमी झाल्याने मेलेली बरीच पाहिली. मग संशय असेल तिथे जास्तच घाला असं सांगण्यात चूक काय?

---

रानवाट

लोहार यांच्याशी बराचसा सहमत. माझ्या जुन्या चेनसॉच्या पुस्तिकेतच २५:१ आहे.

---

चक्रधर

लोहार, तुमच्या म्हणण्यातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. कमी आणि जास्त यांतून एक निवडायची वेळ आली तर जास्त बरं. पण "जास्त म्हणजे सुरक्षित" हा नियम म्हणून सांगितला की दोन गोष्टी नजरेआड होतात.

पहिली म्हणजे कार्बन. जास्तीचं ऑइल पूर्ण जळत नाही. ते एक्झॉस्ट पोर्टच्या तोंडाशी, पिस्टनच्या डोक्यावर, रिंगांच्या खाचांत आणि सायलेन्सरमधल्या ठिणगीरोधक जाळीवर बसतं. ही जाळी बोटाच्या पेराएवढी असते आणि तिची भोकं टाचणीच्या टोकाएवढी. ती बुजली की यंत्र सुरू होतं, आयडलला छान चालतं, पण रेस दिली की घुसमटतं आणि उठतच नाही. लोक कार्बोरेटर उघडतात, प्लग बदलतात, आणि दोष त्या जाळीत असतो. सायलेन्सर गार झाल्यावर तिचा स्क्रू काढा, जाळी बाहेर घ्या, तारेच्या ब्रशने घासा. काळा खडखडीत थर निघून आला की ओळखा, ऑइल जास्त होतंय किंवा हलक्या प्रतीचं आहे. रिंग कार्बनमध्ये रुतली तर मात्र काम एवढ्यावर भागत नाही. रुतलेली रिंग सिलिंडरला टेकत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं, आणि पोर्टजवळ सुटलेला कार्बनचा कडक तुकडा पिस्टनला रेघ पाडूनच बाहेर जातो.

दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. कार्बोरेटरचा जेट, म्हणजे इंधनाचं बारीक भोक, ठरावीक जाडीची धार सोडतो. त्या धारेत ऑइल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी झालं. ५०:१ मध्ये धारेचा सुमारे २ टक्के भाग ऑइल असतो, २५:१ मध्ये जवळपास ४ टक्के. शिवाय मिश्रण थोडं घट्ट होतं. म्हणजे ऑइल वाढवलं की हवेच्या मानाने पेट्रोल कमी मिळून मिश्रण किंचित 'लीन' होतं, आणि लीन मिश्रण जास्त गरम जळतं. फरक दोनेक टक्क्यांचाच, पण आधीच काठावर लावलेल्या कार्बोरेटरला तो जाणवतो. प्रमाण कायमचं बदलायचं ठरवलंत तर एच स्क्रू (पूर्ण रेसवर इंधन किती जावं ते ठरवणारा कार्बोरेटरचा स्क्रू) पुन्हा लावून घ्या. ज्यांना स्वतःहून जुळवून घेणारा इलेक्ट्रॉनिक कार्बोरेटर आहे त्यांना ही काळजी नाही.

रानवाट, तुमच्या चेनसॉचं २५:१ योग्यच आहे. ती पुस्तिका ज्या काळात लिहिली गेली तेव्हाची टू-स्ट्रोक ऑइलं आजच्यासारखी नव्हती. अजून जुन्या यंत्रांना तर १६:१ सुद्धा सांगितलेलं सापडतं. चांगल्या प्रतीचं आजचं ऑइल घेतलंत तर ३३:१ किंवा ४०:१ वर ती चेनसॉ आरामात चालेल असं माझं मत आहे, पण तुम्ही २५:१ वर खूश असाल आणि जाळी साफ ठेवत असाल तर बदलायची गरज नाही.

---

लोहार

जेटचा मुद्दा पटला. तो विचार केला नव्हता. जाळी उद्याच काढून बघतो.

---

सांजवारा

ऑइलच्या जातीबद्दल लिहाल म्हणालात. माझ्याकडे बोटीच्या आउटबोर्ड इंजिनाचं टू-स्ट्रोक ऑइल भरपूर उरलंय, टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं. तेही टू-स्ट्रोकचंच ना? आणि मोटारसायकलचं फोर-स्ट्रोक इंजिन ऑइल अडीअडचणीला चालतं का?

---

चक्रधर

सांजवारा, दोन्ही नकोत, पण कारणं वेगळी आहेत.

टीसी-डब्ल्यू३ मधला डब्ल्यू पाण्याचा. आउटबोर्ड इंजिन पाण्याने थंड होतं, तिथलं तापमान फार चढत नाही, त्यामुळे ते ऑइल राख न करणारं आणि कमी उष्णतेत स्वच्छ राहणारं बनवलेलं असतं. आपली यंत्रं हवेने थंड होतात. सिलिंडरच्या पात्यांमध्ये गवताचा भुसा अडकलेला, वर ऊन, आणि पूर्ण रेस. त्या उष्णतेत या ऑइलची साफसफाईची ताकद पुरत नाही, रिंगांपाशी लाखेसारखा थर बसतो. बोटीसाठी ते उत्तम आहे, बोटीतच वापरा.

फोर-स्ट्रोकचं ऑइल जळण्यासाठी बनवलेलंच नसतं. त्यात कॅल्शियम, जस्त अशा धातूंची संयुगं घातलेली असतात. ते ऑइल टाकीत फिरत राहतं तोवर त्यांचा उपयोग, जाळलं तर राख. ती राख प्लगच्या टोकात अडकते, पिस्टनच्या डोक्यावर साचून लाल होते आणि ठिणगी पडायच्या आधीच इंधन पेटवते. शिवाय ते पेट्रोलमध्ये सहज मिसळतही नाही. टू-स्ट्रोक ऑइलमध्ये मुळातच पातळ द्रावक घातलेला असतो, म्हणून ते हलवल्याबरोबर विरघळतं.

मग घ्यायचं काय? बाटलीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. जपानी मानकात जासो एफबी, एफसी, एफडी असे दर्जे आहेत. वंगण, आतली स्वच्छता, धूर आणि एक्झॉस्ट बुजणं या चार कसोट्यांवर ते ठरतात. एफसीपासून धूर बराच कमी होतो, एफडीमध्ये धूर एफसीइतकाच कमी राहून स्वच्छता आणखी वाढते. आंतरराष्ट्रीय, म्हणजे आयएसओ मानकात त्यांचे जोडीदार ईजीबी, ईजीसी आणि ईजीडी. अमेरिकेकडचा जुना दर्जा एपीआय टीसी. मी स्वतः जासो एफडी किंवा आयएसओ ईजीडी लिहिलेलंच घेतो, सिंथेटिक असो वा सेमी-सिंथेटिक. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात काय काय लिहिलंय त्याकडे मी बघत नाही. मागे कुठलाच दर्जा छापलेला नसेल तर बाटली परत फळीवर ठेवा.

रंगाचंही सांगून टाकतो. निळा, हिरवा, लाल हा फक्त ओळखीसाठी घातलेला रंग आहे. मिश्रण हिरवं दिसतंय म्हणजे त्यात ऑइल आहे एवढंच कळतं, किती आहे ते कळत नाही. गडद दिसलं म्हणून प्रमाण बरोबर असेल असं धरून चालू नका.

---

कातळ

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. चेनसॉला दोन झाकणं असतात. एक इंधनाचं, एक साखळीच्या ऑइलचं. साखळीचं ऑइल बारवर चिकटून राहावं म्हणून चिवट केलेलं असतं, ते इंधनात कधीच जाऊ देऊ नका. झाकणांवर चिन्हं असतात पण भुशाने भरलेली असतात, म्हणून उघडायच्या आधी पुसून घ्या. आतला भुसाही टाकीत पडत नाही.

---

पानगळ

पेट्रोलच्या बाजूबद्दल मी लिहितो, कारण माझ्या मते हल्ली खरा घोळ तिथे आहे. बऱ्याच ठिकाणच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं आणि छोट्या यंत्रांच्या बहुतेक पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात.

इथेनॉलचा पहिला परिणाम म्हणजे पुन्हा तेच, लीन मिश्रण. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. शुद्ध पेट्रोलच्या १ किलोला जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, निव्वळ इथेनॉलला ९ किलो. कारचं इंजिन सेन्सर लावून इंधन वाढवून घेतं. ब्रश कटरच्या साध्या कार्बोरेटरला यातलं काही कळत नाही, तो आधीइतकंच सोडतो. जितकं इथेनॉल जास्त, तितकं इंजिन गरम.

दुसरा परिणाम जास्त घातक आहे आणि तो डोळ्यांनी बघता येतो. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी, म्हणजे लिटरला ५ मिली, विरघळून राहू शकतं. थंडी पडली की त्याहूनही कमी. ती मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. वर पेट्रोल राहतं, आणि ऑइल पेट्रोलबरोबर वर राहतं. आता टाकीतला फिल्टर आठवा. तो वजनदार असतो, यंत्र कसंही धरलं तरी तळाशी पडावा म्हणून. तळाशी जे आहे ते तो ओढणार, आणि तिथे ऑइलचा थेंबही नाही. माप बरोबर, ऑइल उत्तम, तरी पिस्टन कोरडा. अशा वेळी मालक शपथेवर सांगतो की मी ऑइल घातलं होतं, आणि तो खरंच बोलत असतो.

तुमच्याकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती ते बघायचं असेल तर १०० मिलीच्या रेघांचा काचेचा उभा मोजपात्र घ्या. मोकळ्या हवेत, आगीपासून दूर, त्यात १० मिली पाणी आणि त्यावर ऑइल न घातलेलं पेट्रोल १०० च्या रेघेपर्यंत भरा. बूच लावून हलवा, मधून मधून बूच सैल करून वाफ जाऊ द्या, मग स्थिर ठेवा. खालचा थर १० वर परत आला तर इथेनॉल नाही. खालचा थर १८-१९ वर आला तर पाण्याने तेवढं इथेनॉल ओढून घेतलं, म्हणजे साधारण १० टक्के आहे. रेघ वर चढलेली स्वतः पाहिली की पुस्तिकेतल्या त्या ओळीचा अर्थ डोक्यात पक्का बसतो. हे पेट्रोल नंतर यंत्रात वापरायचं नाही.

उपाय म्हणाल तर थोडं थोडं मिसळा आणि ताजं वापरा. पुस्तिकांमध्ये बहुतेक ३० दिवसांची मर्यादा असते, मी तीच पाळतो. मिळत असेल तर अल्किलेट पेट्रोल बघा. त्यात इथेनॉल नसतं, बेंझिनसारखे घटक नगण्य असतात, ऑइल आधीच मिसळलेलं मिळतं आणि बंद कॅनमध्ये ते वर्षानुवर्षं टिकतं. महाग पडतं हे खरं. पण वर्षातून चार वेळा यंत्र काढणाऱ्याचं इंधन लागतं किती? त्याच्यासाठी ते सोयीचं आहे. निदान हंगामाच्या शेवटी टाकीत तेच घालून यंत्र थोडं चालवून ठेवलं तरी कार्बोरेटरमधला इंधन ओढणारा लवचीक पडदा (डायफ्रॅम) वाचतो.

---

रानवाट

पानगळ, ऑइल वर राहतं आणि फिल्टर खालचं ओढतो हे वाचून उठून माझा कॅन बघून आलो. पारदर्शक नाही, त्यामुळे काही कळलं नाही. मग काचेच्या बरणीत थोडं ओतून ठेवलं. तळाशी थर दिसत नाही, पण वास शिळा आहे, वार्निशसारखा. ऑक्टेनबद्दल काही नियम?

---

पानगळ

वार्निशचा वास म्हणजे हलका भाग उडून गेलाय. ते वापरू नका. ऑक्टेन पुस्तिकेत दिलेलं असतं, युरोपीय पद्धतीने किमान ९० आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) ही अट नेहमी दिसते. त्याहून महाग पेट्रोल फक्त ऑक्टेनसाठी घेऊन शक्ती वाढत नाही. मात्र काही ठिकाणी वरच्या प्रतीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल कमी असतं, ते कारण असेल तर जरूर घ्या.

---

हिरवळ

शिळं झालेलं मिश्रण टाकायचं कुठे? गटारात ओतायला मन धजत नाही.

---

चक्रधर

गटारात नाही, मातीतही नाही, आणि शेकोटी पेटवायला तर मुळीच नाही. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि आगीपर्यंत स्वतः चालत जाते. बंद कॅनमध्ये, वर "खराब मिश्रण" लिहून ठेवा आणि घातक कचरा किंवा वापरलेलं ऑइल घेणाऱ्या केंद्रात द्या. तुमच्या भागात असं केंद्र नसेल तर गॅरेजवाल्यांना विचारा, वापरलेलं ऑइल त्यांच्याकडून उचलणारे लोक असतात. मुळात लागेल तेवढंच मिसळलं की हा प्रश्न कमी होतो.

कॅनवर चिकटपट्टी लावा आणि तीन गोष्टी लिहा. प्रमाण, मिसळल्याची तारीख, आणि "ऑइल घातलंय". साध्या पेट्रोलचा आणि मिश्रणाचा कॅन वेगळ्या रंगाचा ठेवा. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत हे मिश्रण कधीही भरू नका. निळसर, हिरवट रंगाचं ते द्रव लहान मुलाला सरबत वाटतं. हे मी दर वेळी सांगतो आणि सांगत राहीन.

कॅन पेट्रोलपंपावर भरताना गाडीत किंवा गाडीच्या डिकीत न ठेवता जमिनीवर ठेवा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडायचा धोका कमी होतो. यंत्रात भरताना इंजिन बंद आणि गार हवं. भरून झालं की सांडलेलं पुसा आणि किमान ३ मीटर दूर नेऊन मग दोरी ओढा.

---

कातळ

अजून एक गोंधळ नेहमी होतो. बाहेरून सारखी दिसणारी सगळी यंत्रं टू-स्ट्रोक नसतात. होंडाचं जीएक्स३५ इंजिन बसवलेले ब्रश कटर फोर-स्ट्रोक आहेत, त्यांच्या इंजिनात वेगळं ऑइल भरायचं आणि टाकीत साधं पेट्रोल. उलट स्टिलची ४-मिक्स इंजिनं फोर-स्ट्रोक असूनही त्यांना मिश्रणच लागतं, कारण त्यांचं वंगण इंधनातूनच होतं. त्यामुळे "फोर-स्ट्रोक आहे ना, मग ऑइल नको" हेही सरसकट खरं नाही. इंजिनावर ऑइल भरायचं वेगळं बूच आणि ऑइलची पातळी बघायची दांडी आहे का ते बघा, आणि टाकीच्या झाकणावर पेट्रोलपंपाच्या चिन्हासोबत थेंबाचं चिन्ह आहे का ते बघा.

---

सांजवारा

हे माहीत नव्हतं. उरलेलं ऑइल बोटीवाल्या मित्राला देतो. प्लगचा रंग बघून मिश्रण बरोबर आहे का ते कळतं म्हणतात, त्यात तथ्य किती?

---

चक्रधर

बरंच आहे, पण बघायची वेळ महत्त्वाची. यंत्र पूर्ण रेसवर कामात असताना बंद करा, आयडलवर रेंगाळू देऊ नका, आणि गार झाल्यावर प्लग काढा. पोर्सेलीनचं टोक फिकट तपकिरी, चहाच्या रंगाचं असेल तर ठीक. काळं आणि ओलसर असेल तर ऑइल जास्त, एअर फिल्टर बुजलेला, किंवा चोक अर्धवट राहिलेला. पांढरं, कोरडं, खरबरीत दिसलं तर काम थांबवा. तिथे मिश्रण लीन आहे, कुठूनतरी जास्तीची हवा शिरतेय किंवा इंधन कमी येतंय. मात्र प्लगवरून ऑइलचं प्रमाण नेमकं सांगता येत नाही, तो हवा-पेट्रोलची गोष्ट सांगतो.

---

हिरवळ

आज सिरिंजने मोजून पहिलं मिश्रण केलं आणि यंत्र सुरू झालं. पण एक वेगळीच अडचण. शेजाऱ्यांनी त्यांच्या ट्रिमरमध्ये घाईत साधं पेट्रोल भरलं आणि काही मिनिटं चालवलं. यंत्र आपोआप बंद पडलं. गार झाल्यावर दोरी ओढली जातेय, पण नेहमीपेक्षा हलकी वाटतेय म्हणतात. ऑइल घातलेलं पेट्रोल भरून पुन्हा सुरू करू का, असं ते विचारताहेत.

---

चक्रधर

आत्ता सुरू करू नका. पुन्हा दोरीही ओढू नका. दोरी हलकी लागतेय म्हणजे कॉम्प्रेशन कमी झालेलं असू शकतं.

टाकी पूर्ण रिकामी करा. सायलेन्सरचे स्क्रू काढून तो बाजूला घ्या, मागे एक्झॉस्ट पोर्ट दिसेल. प्लग काढा, टॉर्चचा उजेड आत टाका आणि फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवा. पोर्टमधून आधी पिस्टनची बाजू दिसेल, मग रिंग. बाजू गुळगुळीत, करड्या रंगाची, यंत्रकामाच्या बारीक आडव्या रेषा शाबूत असतील तर नशीब चांगलं. उभ्या रेघा, ओरखडे किंवा चमकदार फरकटलेला ॲल्युमिनियम दिसला तर पिस्टन गेला. लीन मिश्रणाने सीज झालेल्या पिस्टनवर असे ओरखडे बहुधा एक्झॉस्टच्या बाजूलाच असतात, ऑइलच नसेल तर चहूबाजूंनी. म्हणून प्लगच्या भोकातून आणि जमलं तर कार्बोरेटर काढून इनटेकच्या बाजूनेही बघा. रिंग बोथट लाकडी काडीने हलकेच दाबून पाहा. ती आत जाऊन परत यायला हवी. रुतलेली असेल तर कॉम्प्रेशन तिथेच गेलंय.

रेघा असतील तर सिलिंडर उतरवावा लागेल. सिलिंडरच्या आतल्या लेपावर फक्त ॲल्युमिनियम चिकटलेला असेल तर तो जाणकार मेकॅनिक काढू शकतो आणि नवीन पिस्टन-रिंगवर भागतं. लेपच खरवडला गेला असेल तर सिलिंडरसकट संच बदलायचा. क्रँकचं बेअरिंगही तपासून घ्यायला सांगा, कोरडं ते पण चाललंय.

रेघा नसतील आणि रिंग मोकळी असेल तर प्लगच्या भोकातून टू-स्ट्रोक ऑइलचे काही थेंब सोडा, प्लग न लावता दोरी सावकाश ओढून ते पसरू द्या, सायलेन्सर आणि प्लग परत बसवा आणि कॉम्प्रेशन गेजने मोजून घ्या. आकडा पुस्तिकेप्रमाणे आला तरच ताजं मिश्रण भरा आणि सुरुवातीला हलक्या कामावर चालवा. फोटो काढता आला तर इथे टाका, पोर्टच्या अगदी जवळून, उजेड तिरपा ठेवून.